गंजलेल्या ब्रेक पाइपला घरी जोड देता येतो का?

तुम्ही विचारलंय की मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून एका जागी पाझरतोय, तेवढाच तुकडा कापून पितळी जोड टाकला तर चालेल का, आणि हे घरी जमेल का. जोड अजिबात टाकू नका. घरी मात्र जमतं. या दोन्ही गोष्टी मला एकाच गाडीनं शिकवल्या.

गाडी माझ्या सासऱ्यांची, २००१ ची ओम्नी. मामांनी ती सेकंडहँड घेतलेली. आधीचा मालक तिच्यातून म्हापशाहून बर्फातली मासळी आणायचा, त्याचं खारं पाणी वर्षानुवर्षं खालच्या पत्र्यावर ठिबकलेलं. त्यात जांबोटीकडचा पाऊस आणि तांबडा चिखल. पाइप जिथे क्लिपांत बसतो तिथे हा चिखल अडकून राहतो, वाळतच नाही, आणि गंज नेमका तिथेच खातो. म्हणून एका जागी पाझर दिसला तरी बाकीचा पाइप ठणठणीत आहे असं समजू नका.

२०१३ च्या पावसाळ्यात मागच्या बाजूला ब्रेक ऑइल ठिबकताना दिसलं. मी म्हटलं, मामा, अख्खा पाइप बदलून घेऊया. मी बेळगावच्या उद्यमबागमध्ये लेथवर काम करतो, पाइप-फिटिंग रोज हातात असतं. मामा म्हणाले, "पावणं, तुम्ही लेथवरचं माणूस. गाडीचं काम गाडीच्या मेस्त्रीनंच करायचं." त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात गाडी गेली आणि तासाभरात परत आली. वीतभर पाइप कापून तिथे नवा तुकडा, दोन्ही टोकांना नट आणि फेरूल, म्हणजे पाइपावर चढवून नटानं आवळायची कडी. पाण्याच्या फिल्टरच्या नळीला बसवतात तसलाच प्रकार. मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण सासुरवाडीत जावयानं किती बोलायचं? मी गप्प बसलो, आणि ते मला आजही सलतं.

श्रावणात सगळ्यांना घेऊन कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो. गाडी मी चालवत होतो, मागे सासूबाई, बायको आणि दोन्ही मुलं. कणकुंबीपर्यंत धो धो पाऊस, चोर्ला ओलांडून घाट उतरायला लागलो तसं धुकं. एका वळणावर पाय टाकला तर पेडल मऊ लागलं, नेहमीच्या जागेवर थांबेचना, खाली खालीच गेलं. अगदी तळाशी पुढच्या चाकांनी थोडं धरलं. पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं असतं म्हणून तेवढं तरी उरलं. दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाक टेकवलं. हँडब्रेक केबलवर असतो, तो ऑइलवर अवलंबून नसतो. खाली वाकून बघितलं तर जोडातून पाइप निसटून लोंबत होता. मेव्हण्यानं जांबोटीहून दुसरी गाडी आणून माणसं नेली, ओम्नी दुसऱ्या दिवशी क्रेननं उचलून आणली.

घरी आल्यावर मामांचं पहिलं वाक्य, "तुम्ही ब्रेक लई दाबत उतरलासा, म्हणून सुटलं."

ब्रेक दाबण्यासाठीच असतो. टायरमध्ये हवा असते तीस-पस्तीस पौंड. जोरात पाय मारला की ब्रेकच्या पाइपात दाब हजार पौंडांच्या वर जातो. मूळ पाइपाचं टोक दुमडून फुगवलेलं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. नट त्या फ्लेअरला दाबून धरतो, म्हणून पाइप निसटूच शकत नाही. फेरूल नुसती बाहेरून चिमटा घेते. तीही गंजलेल्या पाइपावर! खालचा गंज सुटला की पकड गेली.

त्यानंतर पाइप मी माझ्या अंगणात बदलला. जुना पाइप अख्खा उतरवला आणि वाकणं जुळवायला समोर ठेवला. नवा बंडी पाइप, म्हणजे ब्रेकसाठीचा पोलादी पाइप, ४.७५ मिलिमीटरचाच घेतला. एसीचा तांब्याचा पाइप वापरू नका, तो थरथरीनं कडक होऊन चिरतो. कापायला ट्यूब कटर घ्या, करवतीनं टोक वाकडं होतं आणि कीस आत राहतो. आतली धार काढा, पाइप फुंकून घ्या आणि आधी नट पाइपात ओवा. मी पहिल्या टोकाला नट ओवायचा विसरलो आणि पूर्ण झालेला फ्लेअर कापून टाकावा लागला. फ्लेअर दुहेरीच हवा, म्हणजे काठ दोनदा दुमडलेला; एकेरी तडकतो. भिंगाखाली बघा, काठावर केसाएवढी चीर दिसली तरी कापून पुन्हा करा. माझा चौथा बरोबर बसला. काही गाड्यांचा फ्लेअर बुडबुड्यासारखा असतो, दोन्ही जाती एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून जुनं टोक बघूनच करा.

मग पाइपात शिरलेली हवा काढणं. बायको पेडलवर, मी चाकामागच्या निप्पलला, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूला. दाब, धर, मी निप्पल सैल करून कसणार, मगच सोड. मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडल ज्याला दाबतं त्या मुख्य सिलिंडरपासून, सगळ्यात लांबचं चाक आधी. ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी इंजिन चालू ठेवून मिनिटभर पूर्ण जोरानं पेडल दाबून धरलं, आणि रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा. सकाळी पुठ्ठ्यावर एक डाग नव्हता. २०२१ मध्ये गाडी विकली तोपर्यंत तो पाइप तसाच होता.

मामांचं म्हणणं अजून बदललेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की मेस्त्री असो की लेथवाला, काम कसं केलंय ते बघा, कुणी केलं ते नको.

हो, एबीएसची, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकची गाडी असेल तर पाइप घरी बदललात तरी हवा काढायला स्कॅनर लागू शकतो, तेवढ्यापुरतं गॅरेज गाठा, पण गाडी चालवत नेऊ नका. चाकाजवळची रबरी होज घरी बनत नाही, नवीच घ्या. ऑइल डबीवर लिहिलेल्या ग्रेडचंच, सीलबंद बाटलीतलं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ ग्रेडचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं, आणि घाटात ब्रेक तेवढे तापतात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. आणि फ्लेअर आधी कधी केला नसेल तर दोन-तीन फूट पाइप निव्वळ हात बसवायला वाया घालवा.

ती फेरूल मी जपून ठेवलीय. पाइपाच्या तुकड्यावर तिच्या मूळ जागेची रेघ उठलीय, आणि ती तिथून चार मिलिमीटर सरकलेली दिसते. त्याच आठवड्यात मामांच्या हातात दिली होती. चष्मा जवळ नाही म्हणाले आणि टेबलावर ठेवून दिली.