टीईएम २० म्हणतं, डीएलएस ८०!

प्रश्न: एमएस्सी प्रोजेक्टसाठी चांदीचे नॅनोकण बनवलेत, टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) २० नॅनोमीटर दिसतात पण डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून साइज मोजणारं तंत्र) ८० सांगतं, झीटा (कणाच्या पृष्ठभागाजवळचा विद्युत विभव, जो कण एकमेकांना किती दूर ढकलतात ते सुचवतो) उणे १२ मिलिव्होल्ट. खरं कुणाचं मानू?

उत्तर: दोन्ही खरं असू शकतं, कारण दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतात. टीईएमला धातूचा गाभाच दिसतो, डीएलएस मात्र कण पाण्यात किती वेगाने इकडेतिकडे सरकतोय त्यावरून साइज काढतं, म्हणजे वरचं कोटिंग, सोबत ओढलं जाणारं पाणी सगळं धरून. पण नुसत्या कोटिंगने २० चे ८० सहसा होत नाहीत हो, मला तरी गठ्ठे झालेत असंच वाटतं. एवढ्या बारीक कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, १०० नॅनोमीटरचा एक कण १० वाल्या १० लाख कणांइतका उजेड फेकतो, त्यामुळे थोडे गठ्ठे किंवा जराशी धूळही आकडा फुगवते. उणे १२ पण तिकडेच बोट दाखवतं, गठ्ठे न होता फक्त चार्जवर टिकायचं तर साधारण ३० मिलिव्होल्ट (अधिक किंवा उणे) लागतात (पीव्हीपीसारखं पॉलिमर लावलं असेल तर कमीतही भागतं). पाणी फिल्टर करून घ्या, सॅम्पल पातळ करून परत मोजा, पीडीआय (साइज किती कमीजास्त आहेत ते सांगणारा आकडा) बघा आणि झीटासोबत पीएच आणि मीठ किती होतं ते रिपोर्टमध्ये लिहाच.