नागलीचा गट काढताय? आधी एवढं बघा

ताई, सुरगाण्यात नागली (नाचणी) पिकवणाऱ्यांचा गट काढताय, छानच. कंपनी म्हणून नोंदणीची घाई नको. उत्पादक कंपनीला, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कंपनीला, किमान 10 उत्पादक लागतात, तेवढे मिळतील, टिकवणं अवघड.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- भाव दोघातिघांत ठरतो. वजन, तूट, गाडीभाडं, विक्री, सगळं बैठकीत फळ्यावर मांडा.
- माल उधारीवर उचलतात. पहिल्या हंगामात थोडाच घ्या, पण रोखीने.
- बियाणं बाहेरून आणतात. चुलीवर धुरात टांगलेली कणसं दिसली की त्या घरच्या आजींजवळ बसा. हळवी (लवकर पिकणारी) कोणती, गरवी (उशिरा पिकणारी) कोणती, वरकस म्हणजे हलक्या जमिनीच्या उतारावर काय तगतं, त्या सांगतील. या माहितीचाही मोबदला ठरवा. फुकट घेऊन पाकिटावर ‘पारंपरिक’ छापणं मला तरी पटत नाही.

प्रमाणपत्र, निर्यात वगैरे पुढच्या वर्षी विचारा.