लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमच्या अ‍ॅलोकेटरमधला क्लीनअप पॅच पहिल्यांदा तपासतोयस ना, मग हे वाच

पॅचवर "नो फंक्शनल चेंज" (कोडचं वागणं बदलत नाही) लिहिलंय म्हणून लगेच ओके देऊ नकोस रे, तेच वाक्य खरंय का ते बघणं हेच तर तुझं काम आहे. एमबॅलॉकमध्ये, म्हणजे फाइलींना डिस्कवरचे ब्लॉक वाटणाऱ्या याच कोडमध्ये, सगळ्यात जास्त घोळ टाइपांचा होतो. ग्रुप (ब्लॉकांचा गट) नंबर ३२ बिटचा, ब्लॉक नंबर ६४ बिटचा, आणि कोणी साफसफाई करताना कास्ट (आकड्याचा टाइप बदलणारी खूण) "उगाच आहे" म्हणून काढला की गुणाकार ३२ बिटातच होतो, ४ केबी ब्लॉकवर १६ टीबीच्या आत सगळं झकास चालतं आणि त्याच्या वर चुकीचा ब्लॉक हाती येतो, म्हणजे कोणाचातरी डेटा गेला. तुझ्या लॅपटॉपवर हे कधीच दिसणार नाही! म्हणून काढलेला प्रत्येक कास्ट थांबून वाच.

दुसरं म्हणजे १ केबी ब्लॉक. तिथे पहिला डेटा ब्लॉक ० नाही तर १ असतो, त्यामुळे दोन ओळींचा हिशोब एका हेल्पर फंक्शनमध्ये टाकताना त्या पहिल्या ब्लॉकची वजाबाकी राहिली की सगळं एकाने सरकतं. बिगअ‍ॅलॉकमध्ये (जागा क्लस्टरने वाटायच्या सोयीत) तर जागेची नोंद ठेवणाऱ्या बिटमॅपचा एक बिट म्हणजे ब्लॉक नाही, अख्खा क्लस्टर (एकत्र धरलेले अनेक ब्लॉक), तेव्हा व्हेरिएबलचं नाव बदललं असेल तर नक्की काय मोजतोय ते विचार, लाजू नकोस.

एरर पाथ (चूक झाल्यावर चालणारा कोड) शेवटपर्यंत वाच, ग्रुपचं लॉक सुटतंय का, बडी (ग्रुपमधल्या मोकळ्या जागेचा हिशोब) अनलोड होतोय का.

आणि एक्सएफएसटेस्ट्स (फाइल सिस्टिमच्या चाचण्या) डिफॉल्ट, १ केबी आणि बिगअ‍ॅलॉक तिन्हीवर चालवल्याशिवाय रिव्ह्यूड-बाय (पॅच तपासल्याची सही) देऊ नको, मी तरी देत नाही.