बंद पडलेला लॅपटॉप, त्यातील पुरावा आणि सेवा केंद्राचा संमतीपत्राचा आग्रह

आपल्या पत्रावरून समजलेली हकीकत अशी. आपण स्वतंत्रपणे अंतर्गत सजावटीची कामे करता आणि एका ग्राहकाकडे थकलेल्या मेहनतान्यासाठी आपण दिवाणी दावा दाखल केला आहे. त्या कामाचे टप्प्याटप्प्याने बदललेले आराखडे आणि ग्राहकाने बैठकांत दिलेल्या मंजुरीचे ध्वनिमुद्रण ज्या लॅपटॉपमध्ये आहे, तो आता सुरूच होत नाही. वॉरंटी शिल्लक असल्यामुळे आपण तो सेवा केंद्रात दिला. मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही बदलावी लागतील, जुने भाग कंपनीकडे जमा होतील आणि डेटाची जबाबदारी केंद्रावर राहणार नाही, अशा मजकुराच्या संमतीपत्रावर ते आपली सही मागत आहेत. सही करावी का, आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडून फाइल्स काढून घेतल्यास न्यायालय त्या मानेल का, असे आपण विचारले आहे.

सही करू नका. आपल्या दाव्याच्या दृष्टीने ती डिस्क हा मूळ दस्तऐवज आहे आणि लॅपटॉप चालू होणे ही त्यानंतरची बाब आहे. मोफत मिळणाऱ्या नव्या भागाच्या बदल्यात जुना भाग द्यायचा, ही वॉरंटीतील नेहमीची अट असते. पण आपण ती देवाणघेवाण मान्य करेपर्यंत डिस्क आपल्याच मालकीची असते. म्हणून केंद्राला आजच ईमेलने कळवा की डिस्क पुसू नये, बदलू नये, त्यावर नव्याने प्रणाली बसवू नये आणि लॅपटॉप सर्व भागांसह परत द्यावा. दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू कायद्याच्या भाषेत निक्षेप ठरते आणि भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 160 प्रमाणे ती परत करणे केंद्रावर बंधनकारक आहे. केलेल्या कामाचा मोबदला थकला असेल तरच कलम 170 खाली त्यांना ती अडवून ठेवता येते.

त्याच ईमेलमध्ये एक तांत्रिक प्रश्न अवश्य विचारा: डिस्क वेगळी निघते, की साठवणुकीची चिप मदरबोर्डवरच जोडलेली आहे? बिघाड फक्त मदरबोर्डचा असेल आणि डिस्क सुटी निघत असेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून फाइल्स बहुधा जशाच्या तशा मिळतात. चिप बोर्डवरच असेल, तर बोर्ड बदलणे म्हणजे फाइल्स गमावणेच. डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असल्यास ती उघडण्याचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, लागेल. ती आपल्या ऑनलाइन खात्यात जतन झाली आहे का, हे आधी पाहून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह कृपया कोणीही करू नये, कारण अशा प्रत्येक प्रयत्नाने नुकसान वाढू शकते.

आता पुराव्याविषयी, कारण आपली खरी काळजी तीच आहे आणि ती रास्त आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की लॅपटॉपचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ उपकरण हजर करत असेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत हजर करायची असेल, तर मात्र ते आवश्यक आहे. सुरूच न होणारे उपकरण न्यायालयात चालवून दाखवता येणार नसल्याने आपल्याला दुसराच मार्ग घ्यावा लागेल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: पहिल्यावर उपकरणाचा ताबा असणाऱ्याची, म्हणजे आपली, आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवायचे असते. त्यामुळे तज्ज्ञ निवडताना तो अशी सही करण्यास आणि गरज पडल्यास साक्ष देण्यास तयार आहे का, हे आधी विचारा. त्याने प्रथम डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही अशा पद्धतीने तिची संपूर्ण प्रतिमा (तंतोतंत प्रत) घ्यावी, हॅश मूल्य काढावे आणि पुढचे सारे काम त्या प्रतिमेवरच करावे. डिस्क कोणी, केव्हा, कोणाकडे दिली याची सह्यांसह नोंद ठेवा.

उपकरणच बिघडलेले होते, मग त्यातील नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, असा आक्षेप प्रतिवादी हमखास घेईल. त्याचे उत्तर कलम 63(2)(c) मध्येच आहे: उपकरण काही काळ नीट चालत नव्हते किंवा बंद होते, तरी त्यामुळे नोंदीच्या अचूकतेवर परिणाम झालेला नसेल, तर नोंद बाद होत नाही. बिघाड फाइल्स तयार झाल्यानंतरचा आहे, हे सेवा केंद्राने लॅपटॉप घेताना दिलेल्या नोंदपत्रावरील (जॉबशीट) तारखेवरून दाखवता येईल; ती जपून ठेवा. हे दस्तऐवज दाव्यासोबत दाखल झालेले नसल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 14(3) प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागेल. तो अर्ज फाइल्स हाती येण्याची वाट न पाहता, लॅपटॉप बंद पडल्याची हकीकत सांगून पुढच्या तारखेलाच द्यावा, असे माझे मत आहे. उशिराचे कारण जितके लवकर नोंदीवर येईल, तितके ते पटते. जे आराखडे आपण ईमेलने पाठवले होते, ते आपल्या मेलबॉक्समध्येही असतील. तेथून आजच उतरवून घ्या.

केंद्राने आपल्या लेखी मनाईनंतरही डिस्क पुसली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आपण राहता त्या ठिकाणीही, करता येते. व्यावसायिक वापराचा आक्षेप येईल, पण केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला हा कायदा ग्राहकच मानतो. मात्र भरपाई मिळाली तरी पुसलेले ध्वनिमुद्रण परत येणार नाही. म्हणून तो ईमेल आजच जाऊ द्या आणि त्याची पोच मागून घ्या.