ऑस्ट्रेलियात फूटी (एएफएल) हे मुलासाठी करिअर होऊ शकतं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा १५ वर्षांचा आहे, मेलबर्नमध्ये फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल; एएफएल ही त्याची सर्वांत वरची व्यावसायिक लीग) चांगली खेळतो, कोच म्हणतात पोरात दम आहे. तर एएफएल खेळाडू होणं हे करिअर म्हणून धरावं का, पैसे किती, किती वर्षं खेळता येतं?

करिअर म्हणून धरू नका. खेळू मात्र द्या, आणि अर्धवट नको, पूर्ण जोर लावून खेळू द्या. ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी कित्येक वर्षं वाद घालते आहे. त्यात माझा सख्खा भाऊही आहे.

माझा मुलगा २००१चा. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. आधी ऑसकिक, म्हणजे लहान मुलांचे फूटीचे वर्ग, मग ज्युनिअर क्लब, आणि सोळाव्या वर्षी आमच्या भागाच्या अंडर-१८ संघात निवड. तिथून घर त्या लांबट चेंडूभोवती फिरायला लागलं. आठवड्यात तीन संध्याकाळी सराव, शनिवारी कधी बेंडिगो, कधी थेट मॉर्वेल. जुलैतल्या पावसात मी गाडीत बसून डबा गरम राहावा म्हणून तो शालीत गुंडाळून मांडीवर धरायची. मागच्या सीटवर त्याची बारावीची पुस्तकं.

२०१९ हे त्याचं ड्राफ्टचं वर्ष. ड्राफ्ट म्हणजे एएफएलचे क्लब आळीपाळीने एकेक नाव घेऊन नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. त्याच सप्टेंबरात ग्रँड फायनलला रिचमंड क्लबकडून मार्लियन पिकेट आयुष्यातला पहिला एएफएल सामना खेळला. वय २७, चार मुलांचा बाप, लहान वयात तुरुंगातही जाऊन आलेला. त्याला रिचमंडने त्याच वर्षीच्या मिड-सीझन ड्राफ्टमध्ये घेतलं होतं. एमसीजीवर लाखभर माणसं, आणि त्याने गोल मारला तेव्हा सगळा संघ धावत त्याच्या अंगावर पडला. मी टीव्हीसमोर रडले. मनाशी म्हटलं, या खेळात दार कुणालाही उघडतं. चुकीचं शिकले मी त्या दिवशी. दार पिकेटला उघडलं, आणि तेही इतक्या वर्षांनी.

नोव्हेंबरात दादा सांगलीहून आमच्याकडे आला होता. ड्राफ्ट त्या वर्षी बुधवारी आणि गुरुवारी रात्री होता. बुधवारी पहिलं नाव मॅट रोवेल, दुसरं नोआ अँडरसन, दोघंही ओकली चार्जर्स या अंडर-१८ संघाचे, दोघंही गोल्ड कोस्ट क्लबकडे गेले. माझ्या मुलाने टाळ्या वाजवल्या. पहिल्या रात्री आपला नंबर नाही हे त्याला माहीत होतं. आशा गुरुवारची होती. दोन क्लबांची माणसं घरी येऊन गेली होती. एक जण तर सोफ्यावर बसून पोहे खाऊन गेला. झोप किती लागते, आजोबांची उंची किती होती, घरात कुणाला गुडघ्याचा त्रास आहे का, सगळं विचारलं आणि जाताना म्हणाला, त्या दोन दिवसांत फोन जवळ ठेव.

ठेवला. नावं येत राहिली. दादाला इंग्रजी कळत होतं, पण त्या यादीचा हिशोब लागत नव्हता. तो सारखा विचारायचा, "अजून किती नावं राहिली गं?" मध्येच फोन वाजला. आम्ही सगळे उभे राहिलो. शाळेतला मित्र होता, "काय झालं?" म्हणून विचारायला. त्यानंतर फोन वाजलाच नाही. शुक्रवारी रुकी ड्राफ्ट, म्हणजे राहिलेल्यांतून आणखी काही जणांना घ्यायची शेवटची फेरी, तोही काही मिनिटांत आटोपला. मुलाने फोन ओट्यावर उलटा ठेवला, चेंडू घेतला आणि मागच्या अंगणात गेला. अंधार पडेपर्यंत कुंपणावर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. तो पोहे खाणारा गृहस्थ पुन्हा फोनवर आला नाही. नाही घेतलं हे सांगायला एक फोन करायला किती वेळ लागतो? याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना दादा म्हणाला, "सहा वर्षं पाण्यात घातलीस पोराची." मुलगा शेजारच्या खोलीत जागा होता, म्हणून मी गप्प बसले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. १८ क्लब आहेत, सगळे मिळून आठशेच्या आसपास पुरुष खेळाडू. दर वर्षी मुख्य ड्राफ्टमध्ये साठ-सत्तर मुलं घेतात आणि तितकीच जुनी यादीतून जातात, हे लोक विसरतात. २०२३च्या करारानुसार सरासरी पगार २०२७ पर्यंत वर्षाला पाच लाख डॉलरच्या वर जाणार आहे. पण सरासरीवर जाऊ नका. नवखा पोरगा त्याच्या बराच खाली असतो आणि बहुतेकांच्या हातात सुरुवातीला दोन वर्षांचाच करार असतो. शहर तुम्ही निवडत नाही. ज्याने नाव घेतलं त्याच्या गावी जायचं, मग ते पर्थ का असेना. स्वतःच्या मर्जीने क्लब सोडायचं मोकळं स्वातंत्र्य एकाच क्लबात आठ वर्षं काढल्यावर मिळतं. आठ वर्षं टिकणारे किती असतील, विचार करा. ब्रेंट हार्वे ४३२ सामने खेळला, पण शेवटी त्यालाही ३८व्या वर्षी क्लबनेच थांब म्हणून सांगितलं.

आणि डोकं. हे कुणी पालकांच्या सभेत मोठ्याने बोलत नाही. पॅडी मॅककार्टिन २०१४च्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव होतं. डोक्याला मार बसून बसून २०२३ला खेळ सोडावा लागला. अँगस ब्रेशॉ २०२४ला, २८व्या वर्षी थांबला, त्याच कारणाने. आता डोक्याला असा मार बसला की एएफएलमध्ये निदान बारा दिवस आणि स्थानिक व ज्युनिअर क्लबांत निदान एकवीस दिवस खेळता येत नाही. तुमच्या क्लबात हा नियम पाळतात की नाही, हे आधी बघा. कोच "काही नाही, जा" म्हणत असेल तर त्याच दिवशी क्लब बदला.

माझ्या मुलाचं पुढे काय झालं? २०२०ला व्हीएफएलच्या (एएफएलच्या खालची राज्य पातळीवरची लीग) संघात जागा मिळाली, तर कोविडमुळे तो हंगामच झाला नाही. २०२१ला काही सामने खेळला, लॉकडाऊनमध्ये तोही हंगाम अर्ध्यावर थांबला. २०२२च्या सुरुवातीला सरावात गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन, मग जवळजवळ वर्षभर व्यायाम. ड्राफ्टनंतर दोन महिन्यांत त्याच्या बाबांनी त्याला इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसशिपला लावलं होतं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले होते. त्यांचं बरोबर होतं. आज लायसन्स आहे, हातात काम आहे, आणि शनिवारी तो गावच्या क्लबाकडून खेळतो. सामन्याचे थोडे पैसेही मिळतात.

मग सहा वर्षं पाण्यात गेली का? दादा, तू हे वाचशील, म्हणून इथेच लिहिते. तू सात वर्षं कोल्हापुरात तालमीत होतास. पहाटे चारला उठून जोर-बैठका. तुझ्या दूध-बदामासाठी आप्पांनी ऊस तुटायच्या आधीच उचल घेतली होती, आईच्या बांगड्या दोनदा सोनाराकडे गेल्या. जिल्ह्याच्या निवडीत तू दोनदा हरलास आणि मग साखर कारखान्यात काट्यावर लागलास. तेव्हा घरात कुणी म्हटलं का, की पोराची वर्षं पाण्यात गेली? आजही नागपंचमीला तू तालमीत जाऊन माती उकरतोस, पोरांना डाव दाखवतोस. माझा मुलगा बुधवारी संध्याकाळी दहा वर्षांच्या पोरांना ड्रॉप पंट, म्हणजे फूटीतली मुख्य किक, शिकवतो. मला यात फरक दिसत नाही. तुला दिसत असेल तर फोन करून सांग.

विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. आई किंवा वडील भारतात जन्मलेले असतील तर तुमचा मुलगा क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादमीत (मूलनिवासी आणि बाहेरून आलेल्या घरांतल्या मुलांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम) बसू शकतो. आम्हाला हे फार उशिरा कळलं. जामारा उगल-हेगन २०२०ला पहिलं नाव ठरला तो अशाच अकादमीतून, पण आपल्या भागातल्या पोराला घेण्याचे नियम तेव्हापासून बदलत आलेत, म्हणून जवळच्या क्लबला थेट विचारा. आणि घरात मुलगी असेल तर मी वर लिहिलेलं सगळं तिला लागू नाही. एएफएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची लीग, २०१७ला सुरू झाली, २०२२पासून १८ही क्लबांचे संघ आहेत, पण पगार पुरुषांच्या कितीतरी खाली. त्यावर माझ्यापेक्षा एखाद्या खेळणाऱ्या मुलीच्या आईने लिहावं.

बारावी मात्र पूर्ण करायला लावा, आणि ड्राफ्टच्या वर्षात विषय कमी करू देऊ नका. "नंतर बघू" असं आम्हीही म्हटलं होतं. तेव्हा सोडलेले दोन विषय त्याने पुढे रात्रीच्या वर्गाला बसून पूर्ण केले, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून.