"पण ती तर तशी दिसत नाही!"

"मॅडम, टीव्हीत दाखवतात तशी हाडं-बिडं काही वर आलेली नाहीत हो तिची. मग हे खरंच तसलं आहे, की रील्स बघून नाटकं चालली आहेत?"

अकरावीतल्या मुलीची आई विचारत होती. 'तसलं' म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया, वजनाच्या धास्तीने खाणं तोडत नेण्याचा आजार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला इतक्या आयांनी विचारलाय, की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

डबा तसाच परत येत होता. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, मग चतुर्थी, मग एकादशी. आजी खूश, नात देवाधर्माला लागली म्हणून. एका लग्नात मावशी म्हणाली, "छान बारीक झालीस गं, काय करतेस?" त्याच आठवड्यात शनिवारही सुरू झाला. मुलगी मुळातली अंगाने भरलेली, त्यामुळे झपाट्याने उतरूनही ती सगळ्यांना 'आत्ता कुठे नीट' दिसत होती. आईने वेब सिरीजमध्ये पाहिलेली आजारी मुलगी वेगळीच होती: गोरी, बंगल्यात राहणारी, आरशापुढे रडणारी. बातमीसोबतचा फोटोही ठरलेला असतो. कंबरेभोवती टेप, नाहीतर अंधारात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली कुणीतरी. आपल्या घरात असलं काही दिसेना, म्हणून आई सहा महिने निर्धास्त होती. उपासाला कोण आजार म्हणणार?

आईला कशाला नावं ठेवू? फोनवर माझाही पहिला प्रश्न "वजन किती आहे?" हाच होता.

वजन चारचौघींसारखं असूनही हा आजार असू शकतो. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात २०१३ पासून तशी नोंद आहे. खाणं तुटलं की नाडी मंदावते, रक्तातले क्षार बिघडतात, पाळी थांबू शकते. हिची तीन महिने आलीच नव्हती आणि घरच्यांनी ते अभ्यासाच्या टेन्शनवर ढकललं होतं. त्यामुळे गप्पांच्या आधी तिला फिजिशियनकडे पाठवलं. रक्तदाब, ईसीजी, रक्ततपासणी झाली, मग मानसोपचारतज्ज्ञांची भेट.

तिसऱ्या भेटीत तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. एकामागून एक नाजूक मुली, मागे उदास गाणं. "बघा, यातल्या एकीसारखी तरी दिसते का मी? मला वाटायचं, आपल्याला खरं काही झालंच नाहीये. अजून कमी खाल्लं की मग होईल."

आई ज्या चित्रामुळे निर्धास्त होती, त्याच चित्रामुळे मुलगी स्वतःला अजून पुरेशी आजारी समजत नव्हती.

भर एप्रिलात ती पूर्ण बाह्यांचा कुडता घालून यायची. मी सरळ विचारलं, "स्वतःला इजा करतेस का?" ती बराच वेळ गप्प राहिली, मग होकारार्थी मान हलवली. म्हणाली, "सिरीजमध्ये असं केलं की सगळे धावत येतात, सॉरी म्हणतात. माझ्याकडे कुणी आलंच नाही. मग लाजच वाटायला लागली, लपवायला लागले." पडद्यावर तो प्रसंग दोन मिनिटांत संपतो आणि माणसं शहाणी होतात. त्यानंतरचं लपवणं, बहाणे, जवळच्या मैत्रिणीलाही टाळणं यावर कॅमेरा फारसा थांबत नाही.

आई मात्र माझ्यावर उखडली. "असं विचारतात का कुणी? नव्हतं ते डोक्यात घातलंत!" ही भीती घरोघरी आहे. शांतपणे विचारल्याने असा विचार मुलांच्या मनात रुजत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. आरडाओरडा, शपथा घालणं, रोज अंग तपासणं, याने मात्र मूल आणखी लपवायला शिकतं.

"मग मोबाईलच काढून घेते." आईचा राग अगदीच अनाठायी नाही. लंडनची मॉली रसेल ही १४ वर्षांची मुलगी २०१७ मध्ये गेली. तिला नैराश्य होतं. पण समाजमाध्यमांवरच्या मजकुराचाही तिच्या मृत्यूला हातभार लागला आणि तो किरकोळ नव्हता, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तिथल्या चौकशीत निघाला. तरी मोबाईल हिसकावला असता तर तेच सगळं मैत्रिणीच्या फोनवर दिसलं असतं, आणि आम्हाला कळलंही नसतं. त्याऐवजी मायलेकी माझ्यासमोर बसून एकेक अकाउंट अनफॉलो करत गेल्या. आईला मध्येच स्वतःच्याच फोनवर 'पंधरा दिवसांत पोट सपाट' सापडलं. दोघी हसल्या, माझ्या खोलीत पहिल्यांदाच. रात्री-अपरात्री फार जड झालं तर म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर मुलीने स्वतः सेव्ह केला.

नवरात्र आलं तेव्हा डॉक्टरांनी उपासाला साफ नाही म्हटलं. घरात कुरबुर झाली. आजी दोन दिवस फुगून होती. घटस्थापनेला तिनेच नातीच्या ताटात वरणभात वाढला आणि म्हणाली, "तू जेव. देवीला काय सांगायचं ते मी बघते."

नात अर्धाच भात जेवली. पंधरवड्याची तपासणी अजून चालू आहे.