लाईट किती उंच टांगायची?

प्रश्न : नमस्कार दादा. माझी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत सगळे सॉफ्ट कोरलच (मऊ प्रवाळ), झोआ आणि मशरूम या प्रकारांचे. एकच मोठी एलईडी मधोमध, पाण्यापासून ५ इंचावर बसवलीय. मधल्या खडकावरचे मशरूम आक्रसून फिके पडलेत आणि दोन्ही टोकांचे झोआ माना ताणून उंच व्हायला लागलेत. दुकानदार म्हणतोय जास्त वॅटची लाईट घ्या. घेऊ काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : थांबा जरा, पाकीट खिशातच ठेवा. प्रकाश कमी नाहीय, एका जागी साचलाय. मशरूम आक्रसून फिके पडणं हे बहुतेक वेळा प्रकाश जास्त झाल्याचं लक्षण आणि झोआ ताणले की कमी पडल्याचं, तुमच्याकडं एकाच टाकीत दोन्ही दिसतंय म्हणजे वॅटचा काही संबंध नाही, लाईट फार खाली आलीय एवढंच.

आधी ती १० ते १२ इंचावर न्या. वर गेली की झोत पसरतो आणि मधला मारा कमी होतो. त्याच्याही वर नेऊ नका, कारण टाकी दीड फूटच रुंद, मग निम्मा प्रकाश भिंतीवर आणि सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यात. टांगायला स्लॅबला हूक मारा, नाहीतर उद्यमनगरात कुणाही फॅब्रिकेटरकडून अॅल्युमिनियमचा एल ब्रॅकेट करून घ्या, साधं लोखंड मात्र नको राव, मिठाच्या हवेत गंजून त्याचा चुरा पाण्यात पडणार. आणि वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबकळत सोडून मग वर प्लगला घ्या, म्हणजे ओघळ आला तर खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

आता मोजायचं कसं, तर डोळ्यावर विश्वास ठेवू नका. आपला डोळा हिरव्या प्रकाशाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात तिखट असतो आणि कोरलच्या टाकीच्या लाईटचा जोर असतो ४५० च्या निळ्यावर, जो कोरलच्या अंगात राहणारं शेवाळ अन्न करायला वापरतं, त्यामुळं आपल्याला अंधुक वाटलं तरी कोरलला ते कडक ऊन असू शकतं. मोबाईलचं उजेड मोजणारं लक्स अॅपसुद्धा याच कारणानं फसवतं. खरं मोजमाप पार मीटरचं, म्हणजे शेवाळाला वापरता येईल असा प्रकाश (पार) मोजणाऱ्या मीटरचं, तो महाग असतो, टाकीवाल्यांच्या ग्रुपमध्ये कुणाकडं असला तर एका दुपारपुरता मागून आणा. झोआ, मशरूमला साधारण ५० ते १५० पार पुरतो, मशरूम त्यातल्या खालच्या टोकाला खूश.

एवढं करूनही एका लाईटनं ४ फूट नीट झाकत नाही हे खरं, १२ इंचावरून दोन-अडीच फूटच धरा. पुढं खर्च करायचाच झाला तर एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, प्रत्येक टोकापासून एकेक फूट आत, मधे झोत एकमेकांवर येतात आणि खडकाच्या सावल्याही मऊ होतात. त्या आल्या की उजेडाची सुरुवात कमी टक्क्यावर, मग आठवड्याला ५ टक्के वाढवा, घाई नको. तोवर फिके मशरूम तळाला, खडकाच्या आडोशाला ठेवा.

आणि हो, टाकी रंगीत करायच्या नादात कुणी कडक (दगडासारखा सांगाडा असलेले) कोरल आणून देतो म्हणाला तर नको म्हणा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहेत.

प्रश्न : रात्री बघायला छान दिसतं म्हणून निळी लाईट रात्रभर चालू ठेवली तर?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नको. दिवसाला ८ ते १० तास बास, माशांना आणि कोरलला काळोख लागतोच. बघायचंच असेल तर जेवणानंतर तासभर बघा आणि टायमर लावून झोपा.